पणजीचं नाव शोधायला किती खर्च येतो?

गेल्या पितृपक्षात गुरुजींनी संकल्पाला आईचं नाव विचारलं, आजीचं विचारलं आणि मग म्हणाले, "पणजी?" वडिलांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. पणजोबांचं नाव तोंडपाठ होतं. शेताच्या जुन्या कागदावर होतं, गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात होतं. ज्या बाईनं आमच्या आजोबाला जन्म दिला, तिचं नाव मात्र घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजी क्षणभर थांबले आणि पुढच्या मंत्राकडं वळले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तिथून पुढं वर्षभर मी शोधत फिरलो. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला आपल्या घराण्याचा शोध घ्यायचा असेल तर कुठं जावं, कोणता कागद मागावा, किती पैसे द्यावेत आणि कुठं एक रुपयाही देऊ नये, ते सगळं या वर्षात कळलं. ते इथं मांडतो, कारण मी पैसे उलट्या क्रमानं खर्च केले. आधी मोठी रक्कम घालवली आणि मग दोन-दोन रुपयांत काम झालं.

ती मोठी रक्कम चार हजारांची होती. "तुमच्या आडनावाचा संपूर्ण इतिहास" अशी जाहिरात फोनवर दिसली. पैसे भरल्यावर आठ दिवसांनी रंगीत पानं आली. त्यात गोत्र, देवक, वंश, तलवार आणि आडनावाचा कुठल्याशा राजघराण्याशी जोडलेला धागा होता. आमच्या गावाचं नाव एकदाही नव्हतं. पणजोबांचंही नव्हतं. ती पानं त्या आडनावाच्या कोणालाही पाठवता आली असती, आणि पाठवलीही असतील. थुंकीच्या डीएनए तपासणीचंही तसंच आहे. हजारो रुपये घेऊन ती तुमचे दूरचे पूर्वज कोणत्या खंडातून आले ते सांगेल, पण पणजीचं नाव त्यातून निघत नाही. घराण्याचा शोध गावाच्या नावापासून सुरू होतो. जो आधी गाव विचारत नाही, त्याला पैसे देऊ नका.

पहिला खर्च : एसटी

पहिला खर्च म्हाताऱ्या माणसांवर करायचा, आणि तो आजच करायचा. तहसिलीतली वही पुढच्या वर्षीही तिथंच असेल. माझी मोठी आत्या ऐंशीच्या पुढं आहे, दारव्हा तालुक्यात राहते. ७५ वर्षांवरच्यांना एसटीत तिकीट नाही, ६५ च्या पुढं अर्धं, आणि बायकांना कोणत्याही वयात अर्धं. त्यामुळं आत्याला बरोबर घेऊन तिचं माहेर, म्हणजे आमचं गाव, आणि तिथून तिच्या मामाचं गाव असा फेरा केला, तेव्हा तिकिटाचे पैसे फक्त माझे लागले.

तिला नुसतं "आपले पूर्वज कोण होते?" असं विचारलं तर ती म्हणाली, "मले काय मालूम बाप्पा." प्रश्न बदलला तेव्हा ती बोलायला लागली. तुझ्या लग्नात तुझ्या आईकडून कोण आलं होतं? आजीला दिवाळीला न्यायला कोण यायचं? मोठ्या आईची साडी कुठून यायची? नात्यांपेक्षा येणं-जाणं विचारावं. बाईच्या आठवणीत माहेरचा रस्ता पक्का असतो. तासाभरानं आत्या म्हणाली, "आजीचं माहेर मोगलाईत होतं. पैनगंगा उतरून जा लागे. बैलगाडीनं दोन मुक्काम." आणि मग, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, मान वरही न करता, "काहून विचारून रायला आता? तुह्या बापानं तं कधी विचारलं नाही."

हे सगळं फोनमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवा. खर्च शून्य. फक्त आधी विचारा, आणि फोन समोर न धरता बाजूला ठेवा. बरोबर जुने फोटो न्या. फोटोच्या मागच्या बाजूला दुकानाचा शिक्का असतो, तो गाव सांगतो.

काही घरांकडं ही आठवण सांभाळणारी माणसं पिढीजात आहेत. काही कुळांकडं सुगीनंतर भाट येतो, पोथी उघडतो, नव्या पोरांची नावं चढवतो. बंजारा तांड्यांवर भाट आणि ढाडी गोतांच्या पिढ्या सांगतात. गोंडांचे परधान किंगरीवर सगांची आणि देवांची परंपरा गातात. इथं दर ठरलेला नसतो, बिदागी असते. धान्य, कपडा, रोख, जशी ऐपत. त्यांच्या घरी जाल तर रिकाम्या हातानं जाऊ नका, घासाघीस करू नका, आणि न विचारता ध्वनिमुद्रण करू नका. चार पिढ्यांचं पाठांतर ज्या माणसानं सांभाळलं, त्याला आपण ऑनलाइन लुबाडणाऱ्यापेक्षा कमी देतो, हे मला अजून डाचतं.

दुसरा खर्च : दहा रुपयांचा स्टँप

आता कागद. विदर्भातल्या सामान्य माणसासाठी सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे कोतवाल बुक. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवालानं खबर द्यायची आणि ती वहीत चढायची. तारीख, बापाचं नाव, जात, मृत्यू असेल तर कारण. सरकारी भाषेत जन्म-मृत्यूच्या नोंदवहीला गाव नमुना १४ म्हणतात. या जुन्या वह्या साधारणपणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. १९६९ च्या कायद्यानंतरच्या जन्म-मृत्यूसाठी ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद.

मागायची रीत अशी. माहितीच्या अधिकारात तहसील कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडं अर्ज करायचा आणि त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाही. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, हा महाराष्ट्राचा नियम आहे. अर्ज बहुतेक वेळा इथंच अडतो. मी पहिल्या अर्जात कोतवाल बुक, शेताचा कागद, शाळेची नोंद सगळं एकत्र मागितलं आणि तो परत आला. दुसऱ्यांदा एवढंच लिहिलं : "मौजे अमुक, तालुका अमुक, येथील १९१५ ते १९४५ या काळातील जन्म-मृत्यू नोंदवही (कोतवाल बुक) प्रत्यक्ष पाहण्यास मिळावी व निवडलेल्या पानांच्या प्रती मिळाव्यात." पाहणीचा पहिला तास फुकट असतो. प्रतीला पानामागे २ रुपये. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडं पहिलं अपील, त्याला २० रुपयांचं तिकीट. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

"प्रती द्या" म्हणण्याआधी "पाहू द्या" म्हणा, हे पुन्हा सांगतो. कारकुनाला तुमच्या आजोबाचं नाव सापडणार नाही, कारण ते तुम्हाला ठाऊक असलेल्या रूपात वहीत नसतं. तुम्ही ज्यांना गणपतराव म्हणता ते वहीत नुसते गनू असतात. आडनाव बहुतेकदा नसतंच. त्याऐवजी "वल्द" येतं, म्हणजे अमुकचा मुलगा. "जौजे" म्हणजे बायको. "बेवा" म्हणजे विधवा. बाईचं नाव आलंच तर या शब्दांच्या सोबतीनं येतं. जन्माच्या नोंदीत तर बाळाचं नावही नसतं, फक्त बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी. म्हणून आधी भावंडांचा क्रम आत्या-काकांकडून लिहून घ्या. तो हातात असला की नावं नसलेली वहीसुद्धा वाचता येते.

१९१८ च्या शेवटच्या महिन्यांची पानं उघडाल तेव्हा जरा सावरून बसा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेल्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडं मानमोडी म्हणत, आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात तिनं लोकसंख्येच्या मानानं देशातल्या इतर बहुतेक भागांपेक्षा जास्त माणसं नेली. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात एकाखाली एक "ताप", "ताप", "ताप". आमच्या गावच्या वहीत एका घरातली तीन माणसं सहा दिवसांत गेलेली आहेत. अक्षर मध्येच बदलतं. आधीच्या लिहिणाऱ्याचं काय झालं, ते वही सांगत नाही.

या वहीला ज्याचं नाव मिळालं तो कोतवाल अनेक गावांत महार समाजाचा असे. गावातल्या प्रत्येक पाळण्याची आणि तिरडीची खबर त्यानं पोचवली, आणि लिहायला मात्र दुसऱ्याचा हात होता. ज्यांच्याकडं जमीन नव्हती अशा घरांसाठी हीच वही पहिला आणि कित्येकदा एकमेव कागद आहे. फासेपारध्यांसारख्या समाजाची गोष्ट आणखी कठीण. १८७१ पासून गुन्हेगार जमातींचे कायदे झाले, ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या, आणि मधल्या काळातली कुटुंबांची नावं कित्येकदा पोलिसांच्या नोंदींतच सापडतात. आजोबाचं नाव हजेरीच्या यादीत शोधावं लागणं ही फार कडू गोष्ट आहे. तरी तो कागद मागावा. नाव आपलं आहे.

शेताचा कागद आणि त्यातल्या बाया

आजचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीसह १५ रुपयांत मिळतो. आठ-अ आणि फेरफारही तेवढ्यालाच. पण नवा सातबारा फक्त आजचा मालक सांगतो. मागं जायला फेरफार हवा. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाजवळ गोल कंसात फेरफाराचे क्रमांक असतात, त्यांचा माग काढत एकेक पिढी मागं जाता येतं. विदर्भात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हा मोठा टप्पा आहे, तो तहसिलीत मागा. १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर जिथं टिकून आहे तिथं घरातली माणसं एकत्र दिसतात. त्याआधीची मोजणीची कागदपत्रं, म्हणजे शेतवार पत्रक, पक्का बुक, गुणाकार बुक, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. वऱ्हाडात इंग्रजांची मोजणी १८६१ पासून सुरू झाली, त्यामुळं खातेदार म्हणून नाव असलेल्या घराला तिथपर्यंत जाता येतं.

फेरफार वाचताना वारसाच्या नोंदीवर थांबा. बाप मेला की वारस म्हणून मुलांबरोबर मुलींची नावं चढतात. मग काही महिन्यांनी दुसरा फेरफार येतो : बहिणींनी हक्कसोड केली, नावं कमी केली. कित्येक घरांत आत्यांची नावं सरकारी कागदावर तेवढेच काही महिने दिसतात. मला माझ्या चार आत्यांची नावं एकाच ओळीत पहिल्यांदा अशा फेरफारात दिसली, चौघींचे अंगठे त्याखाली. त्यातली एक मला ठाऊकच नव्हती. ती लग्नानंतर दोन वर्षांत बाळंतपणात गेली होती, असं नंतर मोठ्या आत्यानं सांगितलं.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर हा तिसरा कागद. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत तो अजून कपाटात असतो. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या. बहुतेक ठिकाणी खर्च फक्त झेरॉक्सचा. त्यात आडनाव असतं, जात असते, आणि कधी पालक म्हणून मामाचं नाव येतं. मामाचं नाव म्हणजे आजीचं माहेर.

एजंटांविषयी इथंच सांगतो. जातीचा दाखला आणि पडताळणीसाठी ठरावीक तारखेआधीचे पुरावे लागतात : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्यामुळं कोतवाल बुकाच्या नकलांना मोठी मागणी आहे आणि तहसिलीबाहेर "साहेब, काढून देतो" म्हणणारेही आहेत. एकानं मला आमच्या गावच्या वहीसाठी अडीच हजार सांगितले होते. दाखल्यासाठी प्रमाणित नक्कल लागते, ती नकलेच्या अर्जावर कार्यालयाच्या फलकावरच्या दरानं घ्या आणि पावती मागा. नुसतं घराणं शोधायचं असेल तर २ रुपयांची झेरॉक्स पुरते. शिवाय २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यानंतर कुणबी नोंदी शोधताना राज्यभर जुन्या वह्या बाहेर निघाल्या, आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पानांची चित्रं चढली. ती फुकट पाहता येतात. तुम्ही कुणबी नसाल तरी पाहा, त्याच पानावर शेजारच्या घरांच्याही नोंदी असतात.

गाव कोणाच्या राज्यात होतं?

अर्ज चुकीच्या दारी जाऊ नये म्हणून एवढा भूगोल ठाऊक हवा. १९०५ पर्यंत आपल्या जिल्ह्याचं नाव वणी होतं. पुसद तेव्हा वाशीम जिल्ह्यात होतं, तो जिल्हा मोडला तेव्हा इकडं आलं. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडं आलं, त्याआधी निजामाचं. प्रांताच्या पातळीवरचे जुने कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात, निजामकाळातले हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात. सामान्य घराला हैदराबादपर्यंत जायची गरज क्वचितच पडते. देशमुखी, देशपांडेपण, पाटिलकी असं वतन असेल तर मात्र जावं.

आमची पणजी पैनगंगेपलीकडची, माहूरच्या बाजूची. आत्या म्हणाली ती मोगलाई हीच, म्हणजे निजामाचं राज्य. माहूर तेव्हा ज्यात होतं तो किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात, हैदराबाद राज्यात होता. तिथले जुने कागद उर्दूत आणि सालं फसली. दख्खनच्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, शकात ७८. मोडी किंवा उर्दू वाचून घ्यायचं असेल तर सगळा गठ्ठा देऊ नका. आधी एक पान वाचून घ्या, पानाचा दर लिहून घ्या, आणि लिप्यंतर हवं की नुसता सारांश ते ठरवा. दोन्हींच्या दरात फरक पडतो. गठ्ठा मोठा असेल तर स्वतः शिका. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं.

तीर्थाच्या वह्या

त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग, काशी, गया. पूर्वज तिथं गेले असतील तर क्षेत्रोपाध्यांच्या नामावळीत गाव आणि आडनावावरून सापडतात, कित्येकदा त्यांच्याच सहीनं. आपल्याकडून नाशिकला जायचं तर धामणगाव किंवा बडनेऱ्याहून मुंबईकडची गाडी. दारात पाय ठेवण्याआधी सांगा : "नामावळी पाहायला आलो, विधी करायचा नाही, दक्षिणा किती?" वही उघडल्यावर हे बोलणं अवघड जातं. पाहून झालं की आपल्या घरातल्या सगळ्यांची नावं लिहून या, मुलींची आणि सुनांचीही. परदेशातल्या किंवा प्रवास न जमणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या फॅमिलीसर्च या संस्थेनं हरिद्वारसह तीर्थक्षेत्रांच्या वह्यांची चित्रं संकेतस्थळावर ठेवली आहेत, खातं उघडून फुकट पाहता येतात. पण हे लक्षात घ्या की तीर्थयात्रा ज्याला परवडली आणि ज्याला करू दिली, त्याचंच नाव तिथं आहे.

माझा हिशेब

माहिती अधिकाराचे दोन अर्ज २० रुपये, एक अपील २०, एकतीस पानांच्या प्रती ६२, सातबारा, आठ-अ आणि दोन फेरफार ६०. कागदाचा एकूण खर्च १६२ रुपये. प्रवास, चहा आणि आत्यासाठी नेलेली साडी वेगळी.

पणजीचं नाव कोणत्याही कागदात मिळालं नाही. ते माहूरच्या अलीकडच्या एका गावात, आत्याच्या आठवणीतल्या बैलगाडीच्या वाटेवर, पणजीच्या भावाच्या नातसुनेकडं मिळालं. त्या घरात एका पितळी परातीवर ते कोरलेलं आहे. परात तिच्या लग्नात द्यायची राहून गेली होती. येत्या पितृपक्षात गुरुजींना ते नाव सांगता येईल.

कोतवाल बुकात आणखी एक नोंद मिळाली. १९४१ चा श्रावण, आजोबांचं नाव, वल्द पणजोबांचं नाव, आणि पुढच्या रकान्यात "मुलगी". भावंडांच्या क्रमावरून ती मोठी आत्याच. तिच्या आधार कार्डावर १ जानेवारी आहे, शाळेत न गेलेल्या कित्येकांच्या कार्डावर असते तशी. मी ते पान घेऊन गेलो, बोट ठेवून वाचून दाखवलं. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला.

"इथं माहं नाव काहून नाही?"

मी खिशातला पेन काढला आणि त्या २ रुपयांच्या झेरॉक्सवर "मुलगी"च्या शेजारी तिचं नाव लिहिलं. तिनं तो कागद परत दिला नाही. मी दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा तहसिलीत गेलो.